कोड कोणताही असो, गाडी जामलाच बंद पडते

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. ते ट्रकसोबत येतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, किस्सा गॅरेजमध्येच राहतो. पंधरा वर्षांत इतके साठलेत की आता नवीन गाडी आली की मी आधी ड्रायव्हरचं तोंड बघतो, मग इंजिन!

जाम चौकात, नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे माझं आणि गुलाबमामांचं. मामा डिझेल पंप आणि नोझलचे जुने मिस्त्री. ते माझे मामा नाहीत, अख्ख्या चौकाचे आहेत. माझ्याकडे लॅपटॉप आणि स्कॅनर. हल्ली ट्रकच्या इंजिनला एक कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीएम म्हणतात. कोणत्या इंजेक्टरनं कधी आणि किती डिझेल सोडायचं, हे तोच ठरवतो. काही बिघडलं की तो एक कोड लिहून ठेवतो. तो कोड वाचणं हे माझं काम, आणि कोड खोटं बोलतो हे मला सांगणं मामांचं!

एक कबूल करून टाकतो. मला स्थिर बसता येत नाही. इंजिन अडखळलं की माझे पाय आपोआप उठतात. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला चहा कमी करा. चौकात गॅरेज आणि चहा कमी!

*

स्कॅनर आणला त्या पहिल्याच आठवड्यात एक सहा सिलिंडरचा ट्रक खडखडत आला.

मामांनी लांब पेचकस काढला. टोक इंजिनला, मूठ कानाला, डोळे बंद. एकेका सिलिंडरवर थांबत गेले आणि म्हणाले, "तीन नंबरचा इंजेक्टर."

मी स्कॅनर लावला. स्क्रीनवर आलं, चार नंबर.

"मामा, चार आहे."

"तीन."

"अहो, कॉम्प्युटर सांगून राह्यला!"

"त्याले कान हाय काय?"

ड्रायव्हर दोघांच्या मध्ये उभा. म्हणाला, "मी चहा पिऊन येतो. तुमचं ठरलं की आवाज द्या."

मला काही धीर निघेना. मी पाना घेऊन पुढच्या बाजूनं चार नंबरला भिडलो. मामा चिडून मागच्या बाजूनं तीन नंबरला भिडले. आणि दोघांचे पाने एकाच इंजेक्टरवर आपटले!

मी रेडिएटरकडून मोजत होतो, मामा केबिनकडून. सहामध्ये पुढून चौथा तो मागून तिसरा.

मामांनी इंजेक्टर बाहेर काढला, नोझल बघितलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "मशीन चांगलं हाय तुह्यं. फक्त मोजणं शिकव त्याले!"

*

नव्या ट्रकांना धूर साफ करायला युरियाचं तयार पाणी लागतं. त्याची वेगळी टाकी असते. ते संपलं की कॉम्प्युटर इंजिनचा जोर कमी करून टाकतो.

आर्वीकडचे नामदेवराव असाच एक ट्रक घेऊन आले. स्वतःची शेती, स्वतःचा ट्रक, स्वतःच ड्रायव्हर. गाडी बैलगाडीच्या चालीनं आलेली. म्हणाले, "इंजेक्टर गेले वाटते. दम नाई राह्यला गाडीत."

मी स्कॅनर लावला, तर कोडची रांगच लागली. इंजेक्टर तपासले, सहाही ठणठणीत. शेवटी युरियाच्या टाकीचं झाकण उघडलं. आत पांढरा गाळ, दह्यासारखा.

"काका, यात काय टाकलं?"

"युरिया."

"कुठून घेतला?"

"घरचाच हाय. कापसाच्या पराटीले आणला होता, गोणीत उरला."

माझा चेहरा बघून ते जरा दुखावले. "आसा कोरडा नाई टाकला, भाऊ. बादलीत घोटून, फडक्यानं गाळून टाकला. येडा हाय काय मी?"

टाकी, पंप, नळ्या, सगळं उतरवून धुण्यात माझा दिवस गेला. संध्याकाळी नामदेवराव निघताना मामा सायलेन्सरजवळ वाकून बराच वेळ आत बघत राहिले.

"काय पाहून राह्यले, मामा?"

"काई नाई. बोंडं लागली का पहिला वेचा आमाले देजा!"

*

नवीन इंजेक्टर बसवला की त्याच्या डोक्यावर कोरलेला नंबर कॉम्प्युटरला सांगावा लागतो. बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे. एक जरी चुकलं तरी इंजिन रुसतं.

एकदा सहाच्या सहा इंजेक्टर बदलले. माझी नेहमीची घाई. बसवून मोकळा झालो आणि मग आठवलं, नंबर लिहून घ्यायचे राहिले. पुन्हा काढायचे म्हणजे अर्धा दिवस. मामांची अंगकाठी बारीक, ती पाइपांच्या मधून आत जाते. म्हणून मामा चष्मा लावून, टॉर्च हातात धरून आत घुसले. मी लॅपटॉपवर.

मामांना आकडे येतात. इंग्रजी अक्षरांशी त्यांची ओळख नाही.

"सात. मंग दोन. मंग खुर्ची."

"खुर्ची?"

"खुर्ची हाय. बसायची. पाठीवाली."

म्हणजे 'एच' असणार. छोटा की मोठा, ते विचारायची हिंमत झाली नाही.

"मंग उलटा सात. मंग डमरू. मंग शिडीचा एकच डांडा."

चार इंजेक्टर असे झाले. मामांच्या मानेवरून घामाच्या धारा. पाचव्याला "तुह्या मामीचं मंगळसूत्र" आलं आणि मी हरलो. खिशातून मोबाइल काढला, हात आत घातला आणि फोटो काढला. अक्षर न् अक्षर स्वच्छ!

मामा हळूहळू बाहेर आले. टॉर्च बंद केला. फोटो बघितला. माझ्याकडे बघितलं.

"हे येत होतं तुले?"

"हो मामा."

"मंग मले काऊन कोंबलं त्याच्यात!"

*

हिंगणघाटच्या एका जिनिंगवर कापसाच्या गाठी भरणारा भास्करचा ट्रक. भास्कर म्हणजे आमचं कायमचं गिऱ्हाईक, आणि खरं म्हणजे दोस्तच. त्याच्या गाडीत दर दहा-बारा दिवसांनी तोच कोड. दोन नंबर इंजेक्टर, सर्किट तुटलं. मी वायर जोडायचो, गाडी जायची, परत यायची. मला नीट जेवण जाईना. वायर आपोआप कशी तुटते?

तिसऱ्यांदा मी भिंग लावल्यासारखं बघितलं. वायरवर बारीक दातांचे ठसे. गाडी जिनिंगवर सरकीच्या ढिगाजवळ उभी राहायची, आणि उंदीर सरकी खाऊन झाली की तोंड पुसायला माझ्या वायरवर यायचा!

मी म्हणालो, "वायर बदलून देतो, पण उंदीर माझ्या स्कॅनरमध्ये येत नाही."

भास्करनं मांजर पाळलं. केबिनमध्ये. महिना झाला, दोन झाले, गाडी आली नाही. मी खूश. मग एक दिवस तो स्वतःच वैतागून आला.

"आता काय झालं? कोड आला?"

"कोड नाई येत."

"मग?"

"आधी उंदरानं गाडी थांबत होती. आता दर धाब्यावर दुधासाठी थांबा लागते!"

*

समुद्रपूरला बायकोच्या मावसभावाचं लग्न होतं. दुपारची पंगत. भात वाढला, वरण आलं, आणि मांडवामागचा जनरेटर अडखळला.

बाकी कुणाला ऐकू आलं नाही. डीजे इतक्या जोरात होता की बाजूच्याचं बोलणं कळत नव्हतं. पण माझा घास तोंडाशी थांबला. ठक, ठक, मध्येच एक ठोका गायब. नोझल अडकलेलं.

बायको म्हणाली, "बसा."

मी बसलो. पुन्हा एक ठोका गायब.

"बसा म्हटलं ना!"

मी हात धुतो म्हणून उठलो. जनरेटरजवळ गेलो. फक्त बघायचं होतं, देवाशपथ! एका पाइपचा नट जरा ढिला वाटला. बोट लावलं. नट निघाला, डिझेलची धार उडाली, जनरेटर बंद. डीजे बंद. पंखे बंद. पाहुण्यांच्या हातात रसमलाईची वाटी, आणि मांडवात एकदम स्मशानशांतता.

नवरदेवाचा काका ओरडत मागे आला, "कोण हाय हा? कोणाकडचा हाय?"

माझा नवा पांढरा शर्ट डिझेलनं न्हालेला. मी मोठ्या आशेनं बायकोकडे बघितलं.

ती शांतपणे भात कालवत म्हणाली, "आमच्याकडचा नाई. पोरीकडचा असन."

*

आता शेवटचा. हा सांगताना मी आजही उभा राहतो, म्हणून खुर्ची बाजूला सरकवून सांगतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे दहा-साडेदहा. भास्करचा ट्रक हादरत, झटके खात गॅरेजसमोर आला आणि गप्प झाला. मागे चार मोठ्या उघड्या टाक्या, पाण्यानं भरलेल्या. आणि टाक्यांच्या मधोमध एक बाई उभी. नऊवारीचा काचा मारलेला, हातात पितळी गडवा.

ती सुलोचनाबाई. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. गावचा तलाव त्या सोसायटीकडे. आदल्या वर्षी तलावातली सगळी मासोळी मेली होती. या वर्षी पंचवीस घरांनी मिळून रोहू-कतल्याची बोटुकली आणली होती, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. हीही गेली तर सोसायटी मोडली.

भास्करनं डोकं लढवून इंजिनच्या कॉम्प्रेसरवरून, फिल्टर लावून, टाक्यांमध्ये हवेच्या नळ्या सोडल्या होत्या. ब्रेकला जी हवा, तीच मासोळीला. इंजिन बंद म्हणजे ब्रेक नाही, आणि टाक्यांत हवाही नाही. चौकातली लाईट सकाळपासून गेलेली, म्हणून आमचा हवेचा पंपही बंद. टोचन करून ओढून न्यावं, तर पुढे वीस किलोमीटर, ब्रेक नसलेली भरली गाडी.

"किती वेळ जगतील?" मी विचारलं.

"तुमी हात चालवा, मी माहे चालवते," बाई म्हणाली. गडवा भरून वर उचलला आणि उंचावरून पाणी टाकीत पाडलं. पाणी असं पडलं की त्यात हवा मिसळते. पुन्हा भरला, पुन्हा पाडलं. चार टाक्या आणि एक बाई.

मी स्कॅनर लावला. एक, दोन आणि तीन, तिन्ही इंजेक्टरचे कोड.

मामा मागून म्हणाले, "तीन भाऊ एकाच दिवशी मरत नाई. घरातच काई झालं असन."

बरोबर होतं. इंजेक्टर मोजले, चांगले. वायर मोजली, चांगली. पण कॉम्प्युटरकडून त्या तिघांना हुकूमच जात नव्हता. ईसीएमचा प्लग ओढला, तर आतून पाणी ठिबकलं. दोन पिना काळ्या.

"भास्कर, गाडी धुतली काय?"

भास्करचं तोंड पडलं. "काल धुतली. पूर्ण. मागच्या खेपेत फवारणीचं औषध होतं, त्याचा एक थेंब राह्यला असता तरी मासोळी मेली असती. वॉशिंगवाल्यानं इंजिनवरबी प्रेशर मारला."

मासोळी जगावी म्हणून गाडी धुतली, आणि धुतली म्हणून गाडी बंद पडली! वर गडव्याचा आवाज चालूच.

दुसरा ईसीएम पाहिजे होता. हिंगणघाटच्या एका यार्डात याच मॉडेलचा अपघाती ट्रक उभा होता, हे मामांना माहीत. भास्कर माझी मोटरसायकल घेऊन सुटला. तो येईपर्यंत मी काय करू? जुन्या ईसीएममध्ये जीव होता तोवर त्याच्यातली गाडीची माहिती आणि सहा इंजेक्टरचे नंबर उतरवून घेतले. दहा मिनिटांत झालं. मग ट्रकभोवती फेऱ्या मारायला लागलो.

"येरझारा काऊन घालून राह्यला?" बाई वरून ओरडली. "वर ये! बादली घे!"

मी चढलो. पाणी गार होतं. आत बोटाएवढी चांदी नुसती वळवळत होती, पण काही पिल्लं वर येऊन तोंड उघडत होती. बाईनं एकदाच तिकडे बघितलं आणि हात दुप्पट वेगानं चालवायला लागली. मग समोरच्या धाब्यावरून दोन ड्रायव्हर मग्गे घेऊन आले. धाब्याचा आचारी वरणाचा मोठा डाव घेऊन आला.

बाई त्याच्यावर कडाडली, "तेल हाय त्याले! घासून ये!"

बिचारा घासून आला!

भास्कर तासाभरानं आला. ईसीएम शर्टाच्या आत, पोटाशी धरलेला. मी बसवला, लॅपटॉप जोडला, माहिती आत सोडली. स्क्रीनवर पट्टी सरकायला लागली. आता मध्ये कशालाही हात लावायचा नाही. वायर हलली की नवा कॉम्प्युटरही मेला. लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्के.

वीस टक्के झालं. पन्नास झालं. अडुसष्टवर पट्टी थांबली.

एक मिनिट. दोन मिनिटं. वरून आचारी ओरडला, "दोन पिल्लं उलटी झाली, बाई!" माझा हात आपोआप वायरकडे गेला. प्लग जरा दाबून बघावा, फक्त जरा!

मामांनी मनगट धरलं. "हात मांडीखाली घे."

"मामा, अडकलं असेल तर?"

"मांडीखाली! दोनी!"

मी केबिनमध्ये दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. आयुष्यात तेवढा स्थिर कधी बसलो नसेन. दाढेवर दाढ. कानात फक्त पाणी पडल्याचा आवाज. कितीतरी वेळानं अडुसष्टचं एकोणसत्तर झालं.

शंभर झाल्यावर भास्करनं चावी फिरवली. इंजिन एकदा खोकललं आणि लागलं. सहाच्या सहा ठोके, एकसारखे! नळ्यांमधून बुडबुडे सुटले. ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या, आचाऱ्यानं डाव हवेत फिरवला.

बाई मात्र पाणी पाडतच होती.

"बाई, झालं! इंजिन लागलं! थांबा आता!"

"तुह्या कॉम्प्युटरले समजलं असन," ती मान वर न करता म्हणाली. "मासोळीले अजून नाई समजलं."

ट्रक तसाच निघाला. चौक ओलांडेपर्यंत तिचा गडवा वर-खाली होताना दिसत होता.

दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. चारच्या सुमारास भास्करच्या मोबाइलवरून बाईचा फोन आला. "सोडली तलावात."

"किती जगली?"

"सोडताना तर पोहत गेली. पाण्यावर काई तरंगून नाई राह्यलं."

"म्हणजे सगळी जगली?"

"आता कसं सांगू? दिवाळीनंतर जाळं टाकू तवा दिसन. तोवर थांबा लागते, भाऊ. मासोळीच्या धंद्यात उतावीळ होऊन जमत नाई. थांबता येते ना तुले?"

"येते," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल काढली. मामांना सांगितलं, पार्ट आणायला जातो. वीस किलोमीटर गेलो. गावाच्या मागं तलाव. पाणी गढूळ, वर ढग, काठावर एकही मेलेली मासोळी नाही. आणि पाळीवरच्या दगडावर, हनुवटी गुडघ्यावर टेकवून, पाण्याकडे बघत सुलोचनाबाई बसलेली. बाजूला डबा, पाण्याची बाटली, छत्री.

"बाई, तुम्ही तर थांबा म्हणत होत्या!"

तिनं पाण्यावरची नजर काढली नाही.

"मंग? थांबूनच तर राह्यली मी. परवापासून!"